रेषेबाहेरची पाच सेकंदं

बास्केटबॉलमध्ये चेंडू मैदानाबाहेर गेला, किंवा समोरच्यांनी बास्केट केली, की एका खेळाडूला रेषेबाहेर उभं राहून तो पुन्हा आत टाकावा लागतो. पंच चेंडू हातात देतात आणि हात हलवत मोजायला लागतात. पाच सेकंदं. तेवढ्यात चेंडू आत गेला नाही तर तो समोरच्या संघाचा. रेषेबाहेरच्या त्या खेळाडूला ड्रिबल करून आत शिरता येत नाही, बास्केटवर नेम धरता येत नाही. करता येण्यासारखी एकच गोष्ट, पास. पण ज्यांना पास द्यायचा ते चौघे आत, त्यांच्या अंगाला चिकटलेले समोरचे पाच, त्यातला एक तर हात पसरून तोंडासमोर. पहिल्या सत्रात हे काम कुणीही हसतखेळत करतं. शेवटचं अर्धं मिनिट उरलेलं असतं आणि फलकावर एका गुणाचा फरक असतो, तेव्हा त्याच पाच सेकंदांत चांगल्या चांगल्या खेळाडूंच्या तोंडचं पाणी पळतं.

या पाच सेकंदांचं मोल सगळ्या जगाला समजावून सांगणारा माणूस मुंबईचा निघावा, ही मराठी वाचकाला सुखावणारी गोष्ट आहे. विवेक रणदिवे यांचा जन्म मुंबईतला. अमेरिकेत एमआयटीत शिकायला जाण्यासाठी परकीय चलन हवं होतं आणि त्या काळी ते सहजासहजी मिळत नसे, तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या दाराशी ठाण मांडून त्यांनी ते मिळवलं. पुढे टिब्को ही सॉफ्टवेअर कंपनी उभी केली. घडतं त्याच क्षणी माहिती जिथे हवी तिथे पोचवणं हा त्या कंपनीचा धंदा. कॅलिफोर्नियातल्या रेडवूड सिटीत त्यांची मुलगी अंजली बास्केटबॉल खेळू लागली आणि बारा वर्षांच्या मुलींच्या संघाला शिकवण्याचं काम रणदिवेंकडे आलं. ते स्वतः हा खेळ कधी खेळलेले नव्हते. क्रिकेट आणि फुटबॉलवर वाढलेला माणूस.

बाहेरून आलेल्या या नजरेला एक गोष्ट खटकली. एक संघ बास्केट करतो आणि लगेच पाठ फिरवून आपल्या अर्ध्यात पळतो. समोरचे आरामात चेंडू आत टाकतात, रमतगमत पुढे आणतात आणि मग खरा खेळ सुरू होतो. म्हणजे सुमारे 28 मीटर लांबीच्या मैदानाचा मोठा तुकडा प्रतिस्पर्ध्याला फुकट दिल्यासारखा. रणदिवेंच्या मुली उंच नव्हत्या, त्यांचा नेमही बेताचाच होता. सगळ्यांसारखं खेळून त्या जिंकणार नव्हत्या. म्हणून त्यांनी जिथे सगळे ढिले पडतात तिथेच, म्हणजे चेंडू आत टाकतानाच, समोरच्यांना पकडायचं ठरवलं.

त्यांची युक्ती साधी होती. चेंडू टाकणाऱ्या मुलीसमोर कुणीच उभं राहायचं नाही. त्यामुळे एक मुलगी मोकळी राहते, ती आतल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूवर दुसरा पहारा म्हणून लावायची. आता रेषेबाहेरची मुलगी बघते तर समोर मैदान मोकळं दिसतं, पण पास द्यावा अशी एकही मैत्रीण मोकळी नाही. एक, दोन, तीन… पंचांचा हात हलतोय. चौथ्या सेकंदाला ती घाबरून चेंडू कुठेतरी भिरकावते, नाहीतर धरून बसते आणि शिट्टी वाजते. दोन्हींत चेंडू रणदिवेंच्या मुलींचा, आणि तोही बास्केटच्या अगदी खाली, जिथून सोपा लेअप मारायला मोठा नेम लागत नाही. सामना सुरू होऊन काही मिनिटंही झालेली नसत आणि समोरच्यांचं खातं कोरं असताना यांचे पटापट गुण झालेले असत. अमेरिकन फुटबॉलमधला गाजलेला खेळाडू रॉजर क्रेग आणि त्याची बास्केटबॉलपटू मुलगी रोमेट्रा यांनी संघाच्या सरावाला हात दिला. मुली राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचल्या. 2009 मध्ये माल्कम ग्लॅडवेल यांनी न्यूयॉर्कर साप्ताहिकात ही हकिकत लिहिली आणि ती जगभर गेली. रणदिवे 2013 मध्ये एनबीएतल्या सॅक्रामेंटो किंग्ज या संघाचे मुख्य मालक झाले.

त्यांनी आपला संघ मुंबईलाही आणला. 4 ऑक्टोबर 2019 रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात भारतातला पहिला एनबीए सामना झाला. सराव सामनाच तो, पण प्रेक्षागृहात मुंबईच्या शाळांतली हजारो मुलं बसली होती आणि त्यांना जे बघायला मिळालं ते पैसे मोजूनही मिळत नाही. चार सत्रांत बरोबरी, पाच मिनिटांचा जादा वेळ, आणि पेसर्सचा 132-131 असा एका गुणाने विजय. एका गुणाचे सामने असेच असतात. त्यांत शेवटी कुणाचा तरी हात रेषेबाहेर चेंडू धरून थांबलेला असतो आणि त्या हाताला काय करायचं ते आधीच ठाऊक असावं लागतं.

ते आधी ठाऊक करून देणं म्हणजेच शेवटच्या क्षणांसाठी 'प्ले' बसवणं. टीव्हीवर प्रशिक्षक छोट्या पाटीवर बाण आणि गोल काढताना दिसतात, तेव्हा ही एखादी गहन विद्या असावी असं वाटतं. तशी ती नाही. शाळेतल्या पीटीच्या सरांना आणि कॉलेजच्या संघाच्या कप्तानाला सहज जमावी अशी ही गोष्ट आहे, फक्त तिच्यामागचे दोन-तीन नियम नीट समजून घ्यायला हवेत.

पहिला नियम घड्याळाचा. शेवटच्या दोन मिनिटांत थ्रो-इनच्या, म्हणजे रेषेबाहेरून चेंडू आत टाकण्याच्या, वेळी घड्याळ थांबलेलं असतं. चेंडू मैदानातल्या खेळाडूच्या हाताला लागला की ते सुरू होतं. म्हणजे पास हवेत असताना वेळ जात नाही. चेंडू तीन मीटर जावो की तेवीस मीटर, घड्याळाच्या हिशेबी दोन्ही सारखेच. शेवटच्या दोन सेकंदांत आख्खं मैदान ओलांडायचं असेल तर ते पायांनी ओलांडण्यात अर्थ नाही, चेंडूने ओलांडावं, हे इथूनच येतं.

दुसरा नियम त्याहून बारीक. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे थ्रो-इनवर चेंडू पकडून मारायचा असेल तर घड्याळात किमान 0.3 सेकंद शिल्लक असावं लागतं. 0.2 किंवा 0.1 उरलं असेल तर चेंडू नुसता टोलवता येतो, नाहीतर थेट रिंगमध्ये कोंबता येतो. एनबीएत हा नियम एका प्रसंगाने आला. 1990 च्या जानेवारीत न्यूयॉर्क निक्सच्या ट्रेंट टकरने शिकागोविरुद्ध 0.1 सेकंद बाकी असताना चेंडू पकडून, वळून तीन गुणांची बास्केट केली होती. माणसाचा हात एवढ्या वेळात हे करूच शकत नाही, असं मग ठरलं. म्हणून शेवटच्या प्लेचा विचार करताना 'किती सेकंदं उरली' हा पहिला प्रश्न. 0.2 असेल तर रिंगजवळ उंच पास आणि टोला. एक सेकंद असेल तर पकडा आणि मारा. दोन असतील तर एखादा ड्रिबल जमतो. चार-पाच असतील तर एक चपळ खेळाडू आख्खं मैदान पळून जाऊ शकतो.

तिसरी गोष्ट टाइमआऊटची. दुसऱ्या अर्ध्यात संघाला तीन टाइमआऊट मिळतात, पण चौथ्या सत्राच्या शेवटच्या दोन मिनिटांत त्यांतले जास्तीत जास्त दोनच वापरता येतात. चेंडू आपल्या अर्ध्यात आपल्या ताब्यात असताना या दोन मिनिटांत टाइमआऊट घेतला, तर प्रशिक्षकाला चेंडू थेट पुढच्या अर्ध्यात, बाजूच्या रेषेवरून टाकायला मागता येतो. अर्धं मैदान न पळता हाती लागतं. ज्याने तिसऱ्या सत्रातच चिडून टाइमआऊट उधळले, त्याला शेवटी ही सवलत घेता येत नाही.

यांतला पहिला, घड्याळाचा नियम किती मोठं काम करून जातो ते 28 मार्च 1992 च्या संध्याकाळी फिलाडेल्फियात दिसलं. अमेरिकन कॉलेजांच्या स्पर्धेत ड्यूक विरुद्ध केंटकी, जादा वेळ, केंटकी 103-102 ने पुढे, घड्याळात 2.1 सेकंद. चेंडू ड्यूकचा, पण आपल्याच बास्केटखालच्या रेषेवरून टाकायचा. ग्रँट हिलने तो सुमारे 23 मीटर लांब फेकला. पलीकडच्या फ्री थ्रो रेषेपाशी पाठमोऱ्या क्रिस्टियन लेटनरने दोन पहारेकऱ्यांच्या मधून उडी मारून तो झेलला, एक ड्रिबल घेतला, उजवीकडे हुलकावणी दिली, डावीकडून वळला आणि मारला. 104-103. अमेरिकेत हा क्षण अजून दरवर्षी दाखवतात.

बघणाऱ्याच्या लक्षात लेटनर राहतो. प्ले बसवणाऱ्याने मात्र ग्रँट हिलकडे बघावं. त्याच्या समोर कुणीच नव्हतं. केंटकीचे प्रशिक्षक रिक पिटिनो यांनी चेंडू टाकणाऱ्याला मोकळा सोडून तो जास्तीचा माणूस आत लेटनरवर लावला होता. म्हणजे रणदिवेंनी रेडवूड सिटीत जे केलं अगदी तेच. एकाच्या मुली त्यावर राष्ट्रीय स्पर्धेला गेल्या, दुसऱ्याच्या हाततोंडाशी आलेला घास गेला. फरक चेंडू टाकणाऱ्याच्या खांद्यात होता. बारा वर्षांच्या मुलीला तेवीस मीटर फेकता येत नाही, त्यामुळे समोर मोकळं मैदान दिसूनही तिला उपयोग शून्य. ग्रँट हिलला फेकता येत होतं, आणि समोर हात पसरून कुणी नसल्यामुळे तो शांतपणे नेम धरू शकला. विशेष म्हणजे ग्लॅडवेलच्या त्याच लेखात चेंडू पुढे आणू न देण्याच्या डावपेचांचा उस्ताद म्हणून पिटिनोंचंच कौतुक आहे. उस्तादाच्याही अंगलट यावी इतकी ही पाच सेकंदं नाजूक असतात.

बास्केटबॉल आपल्याकडे तसा जुना आहे. 1891 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्प्रिंगफील्डच्या वायएमसीएच्या शाळेत जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ शोधला. त्याच राज्यातल्या बोस्टनहून आलेली अमेरिकन मराठी मिशन ही संस्था त्याच्या कितीतरी आधीपासून अहमदनगर जिल्ह्यात काम करत होती. नगर, वडाळा, राहुरी ही तिची ठाणी. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाईंच्या राहुरीच्या दिवसांमुळे मराठी वाचकाला ती ओळखीची आहेत. याच मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी 1920 च्या दशकात मुंबईत नागपाडा नेबरहूड हाऊस उभं केलं आणि नागपाडा पुढे बास्केटबॉलची वस्ती म्हणूनच ओळखला गेला. भारताचे कप्तान आणि 1970 च्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी अब्बास मुंतसिर याच नागपाड्याचे. अलीकडच्या काळात पुण्याच्या शिरीन लिमयेने भारतीय महिला संघाचं नेतृत्व केलं. 2017 च्या जुलैत बेंगळुरूत आशिया चषकाच्या 'ब' गटाच्या अंतिम सामन्यात भारताने कझाकस्तानला 75-73 असं हरवलं, त्या संघातही ती होती. दोन गुणांचा फरक, म्हणजे एक बास्केट.

मिशनच्या त्याच नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरची ख्याती मात्र बास्केटबॉलची नाही. या गावाने देशाला दिलेला खेळाडू झहीर खान. 2011 च्या विश्वचषकात 21 बळी घेऊन तो शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने पहिल्या क्रमांकावर राहिला, आणि त्या स्पर्धेत बोटांच्या पेरांनी टाकलेल्या त्याच्या संथ चेंडूने भल्याभल्यांना फसवलं. तो चेंडू काही भर सामन्यात सुचलेला नव्हता, सरावात घोटलेला होता. शेवटच्या षटकात गोलंदाज हातात चेंडू घेऊन मागे चालत जातो तेव्हा पुढचा चेंडू त्याने ठरवलेला असतो, हे श्रीरामपुरातलं शेंबडं पोरही सांगेल. बास्केटबॉलचा थ्रो-इन म्हणजे तसाच मागे चालत जाण्याचा क्षण. त्यात भर एवढीच की इथे एकाने ठरवून भागत नाही, पाचही जणांच्या डोक्यात तीच गोष्ट असावी लागते.

समजा, श्रीरामपूरच्या एखाद्या शाळेचा सतरा वर्षांखालच्या मुलींचा संघ जिल्हास्तरावर खेळतोय. एका गुणाने मागे आहेत, तीन सेकंदं उरलीत, चेंडू समोरच्यांच्या रिंगखालच्या रेषेवरून टाकायचा आहे. टाइमआऊट एक मिनिटाचा. पहिली दहा सेकंदं मुलींना येऊन पाणी प्यायला लागतात. छाती धपापतेय, प्रेक्षकांतून आरडाओरडा चाललाय. उरलेल्या वेळात सरांनी नवा डाव शिकवायला घेतला तर तो एकीच्याही डोक्यात शिरणार नाही. या घडीला मुलींना जे आधीच येतं त्याचं फक्त नाव घ्यावं.

तर त्या संघाला आधीच येत असावा असा हा एक डाव. जगभर तो 'बॉक्स' म्हणून खेळला जातो. चौघी रिंगसमोर चौकोनात उभ्या. दोघी रिंगच्या दोन बाजूंना, दोघी फ्री थ्रो रेषेच्या दोन टोकांना. पाचवी रेषेबाहेर, चेंडू हातात. चेंडूच्या बाजूला, रिंगजवळ संघातली सगळ्यात चांगली नेमबाज उभी करायची आणि पलीकडच्या बाजूला सगळ्यात उंच मुलगी. फ्री थ्रो रेषेवर चेंडूच्या बाजूला दुसरी धिप्पाड मुलगी, पलीकडे ड्रिबल चांगला असणारी.

टाकणारी चेंडूवर थाप मारते. ही खूण. थाप ऐकताच नेमबाज मुलगी रिंगखालून पलीकडे जाते आणि उंच मुलीच्या पहारेकरणीच्या वाटेत खांबासारखी उभी राहते. याला स्क्रीन म्हणतात, साध्या मराठीत आडोसा. उंच मुलगी त्या आडोशाला खेटून चेंडूच्या बाजूला झेपावते. इथे पास गेला तर रिंग हाताच्या अंतरावर, दोन गुण. पण समोरचे काही झोपलेले नसतात. नेमबाज मुलीची पहारेकरीण उंच मुलीला अडवायला सरकते, आणि डावातली खरी मेख इथेच आहे. ती सरकली त्या क्षणी नेमबाज मुलगी एकटी उरते. फ्री थ्रो रेषेवरून दुसरी धिप्पाड मुलगी खाली येते, आडोसा देणारीलाच आडोसा देते, आणि नेमबाज वर फ्री थ्रो रेषेकडे मोकळी निघते. चौथी, ड्रिबल करणारी, मागे हटून मोकळ्या जागेत उभी. तिचं काम एकच, काहीच जुळलं नाही तर चेंडू घ्यायचा.

टाकणारीच्या मनात आकडे आणि माणसं एकमेकांना बांधलेली असतात. एक-दोनला उंच मुलगी. तीनला नेमबाज. चारला मागची. पाच कधी येऊच द्यायचा नाही. तिने निर्णय घ्यायचा नाही, फक्त क्रमाने बघायचं आणि जी पहिली मोकळी दिसेल तिला द्यायचा. पास दिल्यावर तिने तिथेच थिजून उभं राहायचं नाही, पाय आत टाकून कोपऱ्यात सरकायचं. तिला सगळे विसरलेले असतात.

अशा डावात आडोसा नीट मिळतो की नाही यावर सगळं असतं, आणि शालेय सामन्यांत बहुतेक डाव तिथेच फसतात. मुलगी धावत जाते पण थांबत नाही, घाईत पहारेकरणीला धडकते आणि शिट्टी आपल्याच विरुद्ध. दोन्ही पाय रोवून, हात छातीशी घेऊन स्थिर व्हायला अर्धं सेकंद लागतं. ते अर्धं सेकंद घड्याळातलं जात नाही, कारण चेंडू अजून बाहेरच आहे. जिला आडोसा मिळायचाय तिनेही तेवढं थांबायला हवं. आधीच सुटली तर आडोसा रिकाम्या जागी उभा राहतो. घाबरलेल्या मुलीला थांबायला शिकवणं हे पळायला शिकवण्यापेक्षा अवघड काम आहे.

चेंडू टाकायला कुणाला उभं करायचं, याबद्दल बऱ्याच संघांत एक चूक घडते. जिला नेम येत नाही तिला बाहेर पाठवतात. खरं तर ही जागा सगळ्यात शांत डोक्याच्या मुलीची. उंची असली तर दुधात साखर, कारण समोरच्या हातांवरून दिसतं. पण आधी डोकं. जागेवरून थ्रो-इन असेल तर तिला बाजूला जेमतेम एक मीटर सरकता येतं. मागे मात्र हवं तेवढं जाता येतं, आणि मागे गेलं की समोरच्या पहारेकरणीचे हात आपोआप लहान होतात. बास्केट झाल्यानंतरचा थ्रो-इन असेल तर शेवटच्या रेषेमागे या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायला मुभा असते, रेषेमागे आलेल्या दुसऱ्या मैत्रिणीला पासही देता येतो. हा नियम माहीत नसल्यामुळे जागच्या जागी खिळलेल्या मुली शालेय मैदानांवर हमखास दिसतात. रणदिवेंच्या मुलींपुढे भांबावलेल्या संघांना हा एक नियम वापरता आला असता तरी कितीतरी चेंडू वाचले असते.

डावांना नावं द्यावीत आणि ती गावातलीच द्यावीत. श्रीरामपूरला येणाऱ्या नव्या माणसाची एक गंमत व्हायची. गाव श्रीरामपूर, पण दौंड-मनमाड मार्गावरच्या इथल्या स्थानकाचं नाव वर्षानुवर्षं बेलापूर. नाव एकाचं, उतरायचं दुसरीकडे. डावाचं नावही असंच असावं. सरांनी बाकावरून 'बेलापूर' म्हटलं की आपल्या पाचजणींना कळावं चौकोन करायचा, समोरच्यांना काहीच उमगू नये. बाजूच्या रेषेवरून टाकायचा डाव 'आगगाडी': चौघी टाकणारीसमोर एकामागे एक डब्यांसारख्या उभ्या, थाप पडली की पहिली उजवीकडे, दुसरी डावीकडे, तिसरी आडोसा द्यायला, चौथी मागे. आणि पुढे असताना चेंडू राखायचा डाव, शेजारच्या गावावरून, 'हरेगाव'. तीन नावं पुरेत. सात डाव अर्धवट येणाऱ्या संघापेक्षा तीन डाव झोपेतही येणारा संघ शेवटच्या मिनिटात जास्त जिंकतो.

चेंडू राखायच्या डावाकडे फार कुणी लक्ष देत नाही. शेवटचा प्ले म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे विजयी बास्केट येते. पण पुढे असलेल्या संघालाही चेंडू आत टाकावाच लागतो, आणि घात तिथेही होतो. 26 मे 1987 रोजी बोस्टनमध्ये डेट्रॉईट पिस्टन्स 107-106 ने पुढे होते, पाचच सेकंदं उरली होती, चेंडूही त्यांचाच. प्रशिक्षक चक डेली टाइमआऊटसाठी जिवाच्या आकांताने खुणा करत होते. आयझेया थॉमसचं तिकडे लक्षच गेलं नाही, त्याने घाईने बिल लेम्बियरकडे एक सावकाश पास टाकला. बोस्टनचा लॅरी बर्ड मधे घुसला, चेंडू पळवला, तोल सावरत रिंगकडे धावणाऱ्या डेनिस जॉन्सनला दिला. 108-107. थॉमस त्या काळातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक होता. त्याला पास येत नव्हता असं थोडंच आहे? पण चेंडू कुणाला आणि कशासाठी द्यायचा, हे त्या पाच सेकंदांपुरतं ठरलेलं नव्हतं.

पुढे असताना ते ठरलेलं असावं: चेंडू फ्री थ्रो सगळ्यात खात्रीने मारणारीच्या हातात जायला हवा, कारण समोरचे फाऊल करणारच. मैत्रिणींनी चेंडूकडे धावत यायचं, जागी उभं राहून हात पसरायचे नाहीत. उभ्या मुलीपर्यंत पास पोचायच्या आत कुणीतरी मधे येतं, तेच बर्डने केलं. 2022 पासून नियमही टाकणाऱ्या संघाच्या बाजूने झुकलेत. शेवटच्या दोन मिनिटांत, चेंडू अजून बाहेर असताना, पहारा देणाऱ्या संघाने आत कुणावर फाऊल केला तर एक फ्री थ्रो मिळतो आणि वर चेंडूही आपलाच राहतो. पहारेकरणीचा हात रेषेच्या बाहेर येता कामा नये, आणि शेवटच्या दोन मिनिटांत चेंडू देण्याआधी पंच तशी ताकीद देणारी खूण करतात. त्यानंतरही हात बाहेर आला तर टेक्निकल फाऊल. हे मुलींना तोंडपाठ असेल तर समोर हात नाचवणाऱ्या मुलीची भीती निम्मी होते.

टाइमआऊट किती उरलेत हेही पाचजणींना माहीत हवं. 1993 च्या कॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मिशिगनचा क्रिस वेबर दोन खेळाडूंच्या कोंडीत सापडला, अकरा सेकंदं राहिली होती, त्याने टाइमआऊट मागितला. तो शिल्लकच नव्हता. टेक्निकल फाऊल झाला आणि नॉर्थ कॅरोलिना 77-71 ने जिंकलं. आपल्याकडच्या नियमांत टाइमआऊट खेळाडूला मागता येत नाही, बाकावरून प्रशिक्षकच तो मागतो. तरीही टाकायला जाण्याआधी सरांकडे एक नजर टाकण्याची सवय मुलीला असावी.

तहान लागल्यावर विहीर खणायची नाही हे सगळ्यांनाच पटतं, अडतं ते वेळेवर. शाळेचा सराव तास-दीड तासाचा, त्यात पळणं आलं, नेम आला, सामना आला. शेवटच्या डावाला वेळ कुठून काढायचा? अमेरिकेतल्या वॅल्परायझो या छोट्या कॉलेजने तो काढला होता. तिथल्या प्रशिक्षकांचं, होमर ड्रू यांचं, एक ठरलेलं पाठांतर होतं, नाव 'पेसर'. 13 मार्च 1998 रोजी त्यांच्यासमोर बलाढ्य मिसिसिपीचा संघ 69-67 ने पुढे होता आणि 2.5 सेकंदं उरली होती. जेमी साइक्सने आपल्या टोकाच्या रेषेवरून आधी फेकण्याची हुल दिली. समोरचा पहारेकरी उडी मारून खाली येईपर्यंत साइक्सने चेंडू लांब टाकला. बिल जेंकिन्सने उडी मारून तो हवेतच घेतला आणि पाय टेकायच्या आत उजवीकडून धावत आलेल्या ब्राइस ड्रूकडे वळवला. ब्राइसने तीन गुणांच्या रेषेमागून मारला. 70-69. ब्राइस हा होमर ड्रू यांचाच मुलगा. साइक्स बेसबॉलही खेळायचा, सीमेजवळून लांब फेकीची त्याच्या हाताला सवय होती. म्हणून रेषेबाहेर तो होता.

आपल्याकडच्या शाळेत हे करायला सरावाची शेवटची दहा मिनिटं पुरतात, मुली दमलेल्या असतात तीच. फलकावर किंवा जमिनीवर खडूने लिहायचं: 41-42, तीन सेकंदं. एक मुलगी शिट्टी घेऊन पंच होते आणि मोठ्याने मोजते. बाकीच्या कडेने उभ्या राहून जितका जमेल तितका गोंगाट करतात, कारण सामन्यात तो असणारच. सर एकच शब्द बोलतात. 'बेलापूर.' चौकोन होतो, थाप पडते. चेंडू गेला तर गेला, फसला तर कुठे फसला ते पाचजणींनी आपापसांत बोलायचं आणि परत आपापल्या जागी यायचं.

लेटनरची ती बास्केट सगळ्यांना आठवते. तिच्या महिनाभर आधी, फेब्रुवारी 1992 मध्ये, वेक फॉरेस्टविरुद्धच्या सामन्यातही ड्यूकने शेवटी हाच डाव टाकला होता. तोच ग्रँट हिल, तोच लांब पास, पलीकडे तोच लेटनर. पास हवेत वळला, तो पकडायला गेलेल्या लेटनरचा पाय रेषेबाहेर पडला आणि ड्यूक सामना हरलं. फिलाडेल्फियात 2.1 सेकंदं उरली तेव्हा प्रशिक्षक माइक शशेव्स्की यांनी डाव बदलला नाही. त्यांनी हिलला तेवढ्या लांब चेंडू फेकता येईल का एवढंच विचारलं.